मातीत चपळ असलेला रेडर मॅटवर का अडखळतो?

भंडारा जिल्ह्यात बांधीतला धान घरी आला की गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. मैदान मातीचं, पाय अनवाणी. पण वरच्या पातळीवरच्या स्पर्धेत समोर मॅट असते आणि पायात बूट.

फरक नेमका काय पडतो? मातीत पाय थोडा सरकतो, वळताना ते सोयीचंच असतं. मॅटवर बुटाचा रबरी तळ पाय जागीच धरून ठेवतो. शरीर वळतं, पाऊल वळत नाही आणि झटका गुडघ्याला बसतो.

रेडरकडे ३० सेकंद असतात. बोनस घेताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत हवा. म्हणजे क्षणभर सगळं वजन एका पायावर. पकडणारे नेमकी त्याच क्षणाची वाट पाहतात. हा एक गुण किरकोळ नाही: २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं ते २६-२५ असं.

सरावाला फार सामान लागत नाही. चुन्याने शिडी आखायची, घराघरात छोटी, जलद पावलं टाकायची. पुढे साथीदाराच्या इशाऱ्यावर दिशा बदलायची. खरा कस इथेच लागतो, कारण ठरलेली दिशा पाठ होते आणि सामन्यात ती कुणी सांगत नाही.

हे सगळं मातीत जमतं. बूट घालून थांबणं-वळणं मात्र मॅटशिवाय अंगवळणी पडत नाही. मॅट महाग असते, पण प्रत्येक गावाला ती लागतच नाही. तालुक्याला एक असली आणि खेळाडूंना आठवड्यातून दोनदा मिळाली, तरी निवड चाचणीचा दिवस हा मॅटवरचा पहिला दिवस ठरणार नाही.