शेगडीभोवतीची कॉफी आणि एक कादंबरी

कैरो शहराच्या जुन्या वस्तीतले एक घर. संध्याकाळ व्हायला थोडा अवकाश आहे. आईने शेगडीवर कॉफीचे भांडे ठेवले आहे आणि तिच्याभोवती मुले जमली आहेत. थोरला यासीन शाळेत कारकून, मधला फहमी कायद्याचा विद्यार्थी, धाकटा कमाल अजून शाळकरी. खदीजा आणि आयेशा या लग्नाच्या वयाच्या दोन मुली. थट्टामस्करी चालली आहे, बहिणी एकमेकींना टोमणे मारीत आहेत, कमाल मध्येच काहीतरी विचारून सगळ्यांना हसवतो आहे. दिवसभरातला हा एकच तास असा, की ज्यात या घरात सगळे जण मोकळेपणाने बोलतात. कारण एकच. वडील दुकानात आहेत.

नगीब महफूझ यांच्या ‘बैन अल्-कस्रैन’ या कादंबरीतले हे घर. १९५६ साली अरबीत प्रसिद्ध झालेली ही कादंबरी १९९० मध्ये ‘पॅलेस वॉक’ या नावाने इंग्रजीत आली. अमेरिकेत ती वाचकांपर्यंत नेण्यासाठी ज्या संपादिकेने मनापासून प्रयत्न केले, त्या म्हणजे जॅकलिन केनेडी ओनासिस. मूळ नावाचा अर्थ ‘दोन राजवाड्यांच्या मध्ये’. जुन्या कैरोतल्या एका रस्त्याचे हे नाव आहे. पुढचे दोन भाग १९५७ साली आले आणि तिन्ही मिळून ‘कैरो त्रयी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९८८ मध्ये महफूझ यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. अरबीत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेला तो पहिलाच नोबेल.

चार-सहा जणांनी मिळून एखादे परदेशी पुस्तक वाचायचे ठरवले, तर सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न नेहमी पडतो. नावे अनोळखी, रीतिरिवाज वेगळे, आणि पुस्तक ५०० पानांचे. पण हे पुस्तक उघडल्यावर थोड्याच वेळात वाटू लागते, की ही माणसे आपण कुठेतरी पाहिली आहेत.

दोन चेहऱ्यांचा गृहस्थ

घराचे कर्ते अहमद अब्द अल्-जवाद हे व्यापारी आहेत. घरात त्यांचा शब्द म्हणजे कायदा. मुले त्यांच्यासमोर मान वर करीत नाहीत. पत्नी अमीना रोज मध्यरात्री उठून, दिवा हातात घेऊन, त्यांच्या परतण्याची वाट पाहते. लग्न झाले तेव्हा ती चौदा वर्षांचीही नव्हती. नवऱ्याच्या रात्रभर बाहेर राहण्याबद्दल तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच नाराजी दाखवली होती. त्यावर जे ऐकावे लागले, त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

हेच अहमद मित्रांच्या मैफलीत मात्र अगदी वेगळे असतात. तिथे ते विनोद करतात, डफ वाजवतात, गातात, गाणाऱ्या बायकांच्या घरी रात्री घालवतात. नमाजही तितक्याच मनापासून पढतात. महफूझ यांनी त्यांना खलनायक केलेले नाही, ढोंगी म्हणून हिणवलेलेही नाही. हा माणूस दोन्ही ठिकाणी खराच आहे, असे दाखवून त्यांनी निर्णय वाचकावर सोडला आहे.

गटात वाचताना पहिला वाद इथेच सुरू होतो. कोणी म्हणते, माणूस वाईट नाही, काळच तसा होता. कोणी विचारते, काळ जर तसा होता, तर तो मित्रांच्या बाबतीत इतका मऊ कसा? थोरल्या यासीनला वडिलांचे हे गुपित कळते, तेव्हा त्याला राग येत नाही, उलट अभिमान वाटतो, आपण त्यांच्याच वळणावर गेलो याचा आनंद होतो. या प्रसंगावर गटातल्या पुरुषांना बोलते केले पाहिजे.

इजिप्तमध्ये या व्यक्तिरेखेचे नाव पुढे घरोघरी झाले. १९६४ साली कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यानंतर बायकोवर हुकमत गाजवणाऱ्या नवऱ्याला तिकडे ‘सी सय्यद’ म्हणण्याची पद्धतच पडली. कादंबरीतल्या एका पात्राने बोलीभाषेला शब्द द्यावा, ही काही लहान गोष्ट नाही.

एका दिवसाची मोकळीक

कादंबरीचा सगळ्यात गाजलेला प्रसंग अमीनाचा आहे. लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत ती घराबाहेर पडली ती क्वचित आईला भेटण्यापुरती, तीही नवऱ्याबरोबर. गच्चीवरून तिला हुसैन मशिदीचा मिनार दिसतो. तिथे जाऊन दर्शन घ्यावे ही तिची आयुष्यभराची इच्छा. एकदा नवरा कामासाठी पोर्ट सैदला जातो. मुले तिला आग्रह करतात. ती धाकट्या कमालचा हात धरून निघते, दर्शन घेते आणि परतताना मोटारीचा धक्का लागून पडते. गळ्याजवळचे हाड मोडते.

मुलांनी सांगायला एक खोटी गोष्ट रचून ठेवलेली असते. पण नवरा समोर उभा राहून विचारतो तेव्हा अमीनाच्या तोंडून खरे तेच बाहेर पडते. तो काही बोलत नाही. ती बरी होईपर्यंत थांबतो. ती उठून घरातल्या कामाला लागते, तेव्हा शांतपणे तिला माहेरी निघून जायला सांगतो.

ती परत येते, पण कशी? शौकत घराण्यातील एक वृद्ध स्त्री, जिचा अहमद मान राखतात, ती मध्यस्थी करते आणि त्याच भेटीत आपल्या मुलासाठी आयेशाला मागणी घालते. मुलीचे लग्न ठरायचे तर आई घरात हवीच. अमीना परत येते आणि मध्यरात्रीचा दिवा पुन्हा हातात घेते.

तिने परत यायला हवे होते का, हा प्रश्न गटात विचारला की तरुण मुली चटकन ‘नाही’ म्हणतील. वयाने मोठ्या असलेल्या बायका कदाचित थोडा वेळ गप्प राहतील. जायचे कुठे, आणि दोन मुलींची लग्ने व्हायची असताना जायचे कसे, हे त्यांनी कुठेतरी जवळून पाहिलेले असते. त्या गप्पपणाची घाई करू नये. पुष्कळदा चर्चेतले सर्वांत मोलाचे बोलणे त्यानंतरच येते.

यापुढचा भाग त्याहून अवघड आहे. यासीनचे लग्न झैनबशी होते. ती थोड्या मोकळ्या घरातून आलेली. यासीन तिला एका रात्री नाटक पाहायला घेऊन जातो. हे सहन होत नाही ते केवळ सासऱ्यांना नव्हे. अमीनाच्या मनातही कडवटपणा दाटून येतो. मशिदीत जाऊन आले म्हणून मला घराबाहेर काढले आणि ही तमाशे पाहून येते तरी तिला काही नाही, असे तिला वाटते. जिने अन्याय सोसला तीच सुनेला तो सोसायला लावू पाहते. हे वाचून कोणती सासू आणि कोणती सून नुसती पान उलटून पुढे जाईल?

घराबाहेरचे १९१९ साल

कादंबरीचा दुसरा अर्धा भाग रस्त्यावर घडतो. मार्च १९१९ मध्ये इंग्रजांनी इजिप्तचे नेते साद झगलूल यांना पकडून माल्टाला पाठवले आणि देशभर उठाव झाला. विद्यार्थी रस्त्यावर आले, बायकांनीही मोर्चे काढले. हे वाचताना भारतीय वाचकाला तारखा ओळखीच्या वाटतील. त्याच मार्चमध्ये इकडे रौलट कायदा मंजूर झाला होता, ६ एप्रिलला देशभर हरताळ पडला आणि १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या. दोन देशांतल्या घरांत एकाच वेळी एकच राग धुमसत होता.

फहमी या उठावात पत्रके वाटू लागतो. वडिलांना ते कळते. ते स्वतः देशप्रेमी आहेत, चळवळीला पैसे देतात; पण आपल्या मुलाने त्यात पडावे हे त्यांना मान्य नाही. ते कुराण पुढे करतात आणि शपथ घ्यायला सांगतात. ज्या मुलाने आजवर बापापुढे नजर वर केली नाही, तो शपथ घेत नाही. पुढे काय होते ते येथे सांगणे म्हणजे वाचकाचा हक्क हिरावून घेणे होईल. गटातही शेवट अगोदर वाचून आलेल्याने तो पोटात ठेवावा.

महफूझ त्या वेळी सात वर्षांचे होते. जमालिया भागातल्या आपल्या घराच्या खिडकीतून त्यांनी निदर्शकांवर झालेला गोळीबार पाहिला होता. मात्र त्यांचे घर अब्द अल्-जवादांसारखे नव्हते. त्यांची आई निरक्षर होती, पण मुलाला घेऊन ती संग्रहालये आणि पिरॅमिड पाहायला जात असे. अमीनाला जे मिळाले नाही ते तिच्या लेखकाच्या आईला मिळाले होते.

न वाचलेले पुस्तक

महफूझ स्वतःही बैठकीत रमणारा माणूस. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी लेखन केले आणि दर आठवड्याला साहित्यिक मित्रांची बैठक कधी चुकवली नाही. शुक्रवारची बैठक अनेक वर्षे ‘कॅसिनो ऑपेरा’मध्ये भरे. तिकडे कॅसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे, साधे कॉफीगृह. पुढे ती ‘कॅफे रिश’ येथे भरू लागली. नवे लेखक तिथे येत, पुस्तकांवर वाद घालत. महफूझ कमी बोलत आणि पुष्कळ ऐकत, आणि त्यांचे हसणे मात्र लांबवर ऐकू जाई.

१४ ऑक्टोबर १९९४ हाही शुक्रवारच होता. ८२ वर्षांचे महफूझ बैठकीला जाण्यासाठी घरासमोर मित्राच्या मोटारीत बसले होते. एक तरुण जवळ आला. चाहता असेल असे वाटून महफूझ त्याला भेटायला वळले, तोच त्याने त्यांच्या मानेत सुरा खुपसला. कारण होते त्यांची दुसरी एक कादंबरी, ‘अवलाद हारतिना’. १९५९ साली ‘अल् अहराम’ दैनिकात क्रमशः येत असताना धर्मपंडितांनी तिच्यावर आक्षेप घेतला होता. पुस्तकरूपाने ती १९६७ मध्ये बैरूतला निघाली. इजिप्तमध्ये निघाली ती लेखकाच्या मृत्यूनंतरच.

सुरा मारणाऱ्या तरुणाने ती कादंबरी वाचलीच नव्हती. कोणीतरी सांगितले होते, तेवढे त्याला पुरले.

रुग्णालय समोरच होते म्हणून महफूझ वाचले. पण उजव्या हाताच्या शिरांना इजा झाली. ज्या हाताने इतकी पुस्तके लिहिली त्याला धड अक्षर काढता येईना. दृष्टी आणि कान आधीच मंदावले होते. तरी बैठका थांबल्या नाहीत. जागा बदलत राहिल्या, मित्र कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बातम्या आणि लेख वाचून दाखवू लागले. ३० ऑगस्ट २००६ रोजी ते गेले, तोपर्यंतच्या बारा वर्षांत ऐकणे आणि गप्पा हेच त्यांचे वाचन झाले होते.

दुसऱ्यांसोबत पुस्तक वाचण्याचे महत्त्व यातून लक्षात येते. एकट्याने वाचताना आपल्याला आपलेच मत बरोबर वाटते. चार जणांत बसले की शेजारचीने त्याच पानावर वेगळेच काही पाहिलेले असते. आणि ज्याने पुस्तक वाचलेले नाही, त्याला ‘आधी वाचा, मग बोलू’ असे प्रेमाने सांगणारे कोणीतरी तिथे असते.

सुरुवात कशी करावी?

महिला मंडळात, सोसायटीत किंवा घरातल्या घरातही हे पुस्तक घेता येईल. ५०० पानांना भिण्याचे कारण नाही, प्रकरणे लहान आहेत. चार बैठका ठरवाव्यात. पहिली अमीनाच्या अपघातापर्यंत, दुसरी मुलींच्या लग्नांपर्यंत, तिसरी फहमीच्या शपथेपर्यंत आणि चौथी शेवटासाठी. पहिल्याच दिवशी कुटुंबातल्या माणसांची नावे एका कागदावर लिहून मध्ये ठेवावीत, म्हणजे अरबी नावांचा गोंधळ होत नाही. इंग्रजी वाचण्याची सवय नसलेल्यांसाठी एकीने कथाभाग मराठीत सांगावा. महफूझ यांचे मित्र तरी दुसरे काय करीत होते?

कॉफी असो वा चहा, तो एकाच व्यक्तीने करू नये. अमीना शेगडीपाशी बसून सगळ्यांचे ऐकत होती. तिला काय वाटते हे तिच्या मुलांनी फारसे विचारले नाही. गटातही असे गप्प बसणारे कोणीतरी असते. पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा आणि तो कैरोतल्या घराबद्दल असण्याची गरज नाही. आपल्या घरात कोण आल्यावर गप्पा थांबतात, एवढे विचारले तरी पुरे. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर पुस्तक उघडून पहिले पान वाचायला घ्यावे. त्यात एक स्त्री मध्यरात्री जागी होऊन कोणाची तरी वाट पाहते आहे.