दानाची पाटी आणि मेंदूंतील गांठ

आपलें दान आपल्या डोळ्यांस दिसावें अशी दात्याची इच्छा असते, व तींत गैर असें कांहीं नाहीं. देवळांत पंखा दिला तर त्याच्या पात्यावर नांव रंगवितां येतें; रुग्णालयास यंत्र दिलें तर उद्घाटनाचें छायाचित्र निघतें. परंतु दहा वर्षें प्रयोग करून अखेरीस 'हें औषध चालत नाहीं' एवढेंच सांगणाऱ्या संशोधकावर नांव कोठें रंगवावयाचें? मेंदूंतील गांठींच्या संशोधनाची आजवर जी उपासमार झाली, तिच्या मुळाशीं हा पाटीचा हव्यासहि आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ग्लायोब्लास्टोमा ही या गांठींतील अत्यंत क्रूर. शस्त्रवैद्यानें ती काढली तरी तिचे तंतू निरोगी मेंदूंत शिरलेले राहतात, आणि रक्तांतून येणारीं बहुतेक औषधें मेंदूच्या वेशीवरचा पहारा ओलांडूं शकत नाहींत. २००५ सालीं ५७३ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. किरणोपचारास टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यानें आयुर्मानाचा मध्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. अवघे अडीच महिने! पण दोन वर्षें जगणारांचें प्रमाण शेंकडा १०.४ वरून २६.५ झालें, हेंहि हंसणारांनीं वाचावें. हें औषध बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठांत माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेंत जन्मास आलें, आणि त्याच्या पाठीशीं पैसा होता तो कॅन्सर रिसर्च कँपेन या धर्मादाय संस्थेचा.

कोणी म्हणेल, हें काम सरकारचें आहे. ठीक. २०१८ सालीं ब्रिटनच्या माजी मंत्री टेसा जॉवेल याच रोगानें वारल्या, आणि तेथील सरकारनें या संशोधनासाठीं चार कोटि पौंड जाहीर केले. पांच वर्षांनीं पार्लमेंटच्या सभासदांनीं हिशेब पाहिला, तों जेमतेम दीड कोटि वांटले गेले होते! योग्य अर्जच पुरेसे येत नाहींत, ही सबब. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? ज्या शाखेस पिढ्यानुपिढ्या उपाशी ठेवलें, तिच्यांत घंटा वाजवितांच जाणते संशोधक हजर होत नसतात.

शिवाय या रोगास वकील नाहीं. स्तनाच्या कर्करोगांतून बऱ्या झालेल्या हजारों स्त्रिया आज निधि जमवितात, सभा गाजवितात. ग्लायोब्लास्टोमाचा रोगी बहुधा तेवढा जगतच नाहीं. रोगी थोडे, म्हणून औषधें विकणारांसहि त्यांत नफा दिसत नाहीं. बाजार पाठ फिरवितो तेथेंच धर्मादायाचें काम सुरू होतें, हें शाळकरी पोरासहि कळावें.

'आमच्या गरीब देशास हे चोचले कशाला?' हा आक्षेप तर हमखास येतो. मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. १९३२ सालीं सर दोराबजींनीं त्यांच्या स्मरणार्थ निधि स्थापिला, तो त्या रोगावर संशोधन करणारांसाठीं, आणि तेहि केवळ या देशांतील नव्हे, जगांतील! तेव्हां हिंदुस्थान काय सोन्यानें मढला होता? बरें, त्यामुळें येथील रोगी उघड्यावर पडले असेंहि झालें नाहीं. दोराबजींच्याच विश्वस्तनिधीनें १९४१ सालीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडलें.

तेव्हां पैसा द्यावयाचा तो पांच-सात वर्षें निश्चिंतपणें काम करतां येईल अशा शिष्यवृत्त्यांस द्यावा; रोग्यांच्या संमतीनें गांठींचे नमुने जतन करणाऱ्या संग्रहांस द्यावा (बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत मेंदूच्या ऊतींचा असा संग्रह १९९५ पासून आहे); आणि नोंदी ठेवणाऱ्या कारकुनांस द्यावा. कारकुनाचें नांव काढतांच शेठजींचा चेहरा पडतो, हें आम्हांस ठाऊक आहे. पण कोणत्या रोग्यास कोणता उपचार झाला आणि पुढें तो किती महिने जगला, याची बिनचूक वही नसेल तर कोट्यवधींच्या यंत्राचा संशोधनास काडीचा उपयोग नाहीं. त्या वहीसाठीं एका कारकुनाचा दहा वर्षांचा पगार देणारा एक तरी दाता आम्हांस पाहावयाचा आहे.