घर बांधणाऱ्याची पात्रता कोण पाहणार?

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत साठलेला अनुभव प्रामुख्याने मध्यमवर्गीयाचा आहे. भविष्यनिर्वाह निधी, पतपेढीचे कर्ज आणि घरातील चार दागिने एकत्र करून एखादा शिक्षक अथवा कारकून तालुक्याच्या गावी घर उभारावयास निघतो. हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार. परंतु तो ज्या ठेकेदाराशी करावयाचा, त्याच्या पात्रतेविषयी कोणतीही हमी शासनाने त्याला दिलेली नसते.

याच घरात वीज घेणाऱ्याकडे कायदा किती काटेकोरपणे पाहतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने असे ठरवून दिले की, किरकोळ बदल वगळता वीजमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी आणि काम करणाऱ्या तारतंत्र्याजवळही परवाना असावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ च्या विनियमांनीही हेच सूत्र राखले. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात नळजोडणी करणाऱ्या प्लंबरांना परवाने देण्याची तरतूद आहे. वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या कायद्याखाली होते. म्हणजे दिवा लावणारा, नळ बसविणारा व नकाशा काढणारा यांची पात्रता पाहिली जाते. जोते, कॉलम आणि स्लॅब ज्याच्या हातून उभे राहतात, त्याची मात्र नाही!

शासनाला या उणिवेची जाणीव नाही, असे म्हणता येत नाही. सार्वजनिक बांधकाम खाते स्वतःच्या कामांसाठी ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करते आणि कोणत्या वर्गाने किती रकमेपर्यंतचे काम घ्यावे, हेही ठरविते. शासनाचा पैसा ज्या सावधगिरीने खर्च व्हावा, ती सावधगिरी नागरिकाच्या पैशाला का नसावी? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने सदनिका विकत घेणाऱ्याला मोठा आधार दिला. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळणाऱ्या रचनात्मक दोषांची जबाबदारी विकासकावर टाकली. पण स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी घर बांधणारा या कायद्याच्या कक्षेत येत नाही. कारण तेथे विक्रीच नाही.

बांधकामातील दोष गिलाव्याखाली झाकले जातात. सळई कमी पडली, काँक्रीटमध्ये पाणी अधिक झाले, स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी मारले नाही, तरी वास्तुशांतीच्या दिवशी काहीच दिसत नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. तेथील दोष कोणाचा, हा न्यायालयाचा प्रश्न; परंतु बांधणीतील उणीव उघड व्हावयास इमारत कोसळण्याचीच वाट पाहावी काय, हा प्रश्न समाजाचा आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. परवाना आला की निरीक्षक आला, निरीक्षकाबरोबर चिरीमिरी आली आणि पिढीजात कसब असलेला, पण शाळेचा दाखला नसलेला गवंडी मात्र बाहेर फेकला गेला! आक्षेप निराधार नाही. एकाचा परवाना आणि दुसऱ्याचे काम, हा प्रकार वीजमांडणीतही सर्वस्वी अपरिचित नाही. परंतु यावरून परवान्याची रचना विचारपूर्वक करावी एवढेच सिद्ध होते. परवानाच नको, हे सिद्ध होत नाही.

अमेरिकेत हा विषय संघराज्याच्या नव्हे, राज्यांच्या व स्थानिक संस्थांच्या हाती आहे. टेक्सासमध्ये सर्वसाधारण बांधकाम ठेकेदाराला राज्याचा परवाना लागत नाही. इलेक्ट्रिशियन व प्लंबर यांना लागतो. उलट कॅलिफोर्नियात १९२९ पासून ठेकेदारांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. तेथे अर्जदाराला चार वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते आणि २५ हजार डॉलरचे हमीपत्र ठेवावे लागते. विशेष म्हणजे, परवाना आवश्यक असताना तो न घेता काम करणाऱ्याला मोबदल्यासाठी न्यायालयात दावाच लावता येत नाही. निरीक्षकाच्या फेऱ्यांपेक्षा ही एकच तरतूद अधिक परिणामकारक ठरावी.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखे बरेच आहे. परीक्षा पुस्तकी नसावी. सळई बांधून, माल कालवून दाखविण्याची असावी, म्हणजे कसबी गवंडी तीत मागे पडणार नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात गवंड्यांना भूकंपरोधक बांधणीचे शिक्षण देण्यात आले होते. तेव्हा असे शिक्षण अशक्य नाही, याचा पुरावा याच मातीत आहे. परवानाधारकांची यादी नगरपालिकेत व पंचायत समितीत सर्वांना पाहावयास मिळावी, आणि भोगवटा प्रमाणपत्रावर वास्तुविशारदाबरोबर ठेकेदाराचे नाव व परवाना क्रमांकही असावा.

एवढ्याने प्रत्येक घर निर्दोष होईल, असे नाही. परंतु भिंतीला तडा गेल्यावर ‘हे कोणी बांधले?’ या प्रश्नाला निदान एक नाव मिळेल. आयुष्याची मिळकत चार भिंतींत घालणाऱ्याला आज तेवढेही मिळत नाही.