सरासरीच्या आड उभा असलेला माणूस

'लाइन बॅलन्सिंग' म्हणजे प्रॉडक्शनच्या पेपरातलं हमखास मार्क देणारं गणित. कामांची यादी, कुठलं काम कशाच्या आधी याची आकृती, प्रत्येक कामाचा वेळ. हेल्गेसन आणि बर्नी यांची १९६१ सालची रँक्ड पोझिशनल वेट पद्धत लावा, स्टेशनं पाडा, एफिशियन्सी काढा, की झालं! पण या गणितात लाइनवरून एकच मॉडेल जात असतं. बाहेर तसं क्वचितच असतं.

आपल्या जवळचं चाकणच बघा. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात २००९ साली स्कोडा फॅबिया आणि पोलोचं उत्पादन सुरू झालं, पुढे व्हेंटो आली. २०२१-२२ मध्ये कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस अशी नवी पिढी आली. त्यात प्रत्येकीचे प्रकार निराळे. दर मॉडेलला स्वतंत्र लाइन टाकायची म्हटलं तर जागा आणि पैसा दोन्ही पुरायचे नाहीत. म्हणून वाहन उद्योगात एकाच लाइनवरून वेगवेगळी मॉडेल्स मागोमाग सोडतात. हीच मिक्स्ड-मॉडेल लाइन.

हे सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं कसं? आधी सगळ्या मॉडेल्सच्या आकृत्या जोडून एक सामाईक आकृती करायची. इथेच पहिली गंमत होते. एका मॉडेलला वायरिंग आधी आणि ब्रॅकेट नंतर, दुसऱ्याला उलट असेल, तर जोडलेल्या आकृतीत गोल चक्र तयार होतं आणि सॉफ्टवेअर अडून बसतं. ते सोडवलं की प्रत्येक कामाचा प्रत्येक मॉडेलसाठीचा वेळ भरायचा, कुठल्या मॉडेलची मागणी किती टक्के ते सांगायचं आणि टॅक्ट टाइम द्यायचा. मग सॉफ्टवेअर प्रत्येक कामाची भारित सरासरी काढतं (हा मराठी शब्द मला या लेखासाठीच शोधावा लागला, कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'वेटेड अ‍ॅव्हरेज'च म्हणायचो!) आणि स्टेशनं पाडून देतं.

माझा आक्षेप या सरासरीवर आहे. एक साधं उदाहरण घेऊ. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण-चहाची ५० मिनिटं वजा केली तर ४३० मिनिटं उरतात. गाड्या ४३० हव्यात, म्हणजे टॅक्ट ६० सेकंद. मागणी 'अ' ६० टक्के, 'ब' ३० टक्के, 'क' १० टक्के. एका स्टेशनवर 'अ'ला ४८ सेकंद लागतात, 'ब'ला ५८ आणि 'क'ला ९०. सरासरी किती? ५५.२ सेकंद. साठाच्या आत! सॉफ्टवेअरच्या पडद्यावर हिरवा पट्टा, ९२ टक्के भरलेलं स्टेशन, आणि प्लॅनिंगवाला खूश.

आता त्या स्टेशनवर उभं राहून बघा. 'क' आली की माणूस ३० सेकंद मागे पडतो. 'अ' आली तर १२ सेकंद भरून निघतात, 'ब' आली तर फक्त २. म्हणजे एका 'क'ची भरपाई व्हायला मागोमाग तीन 'अ' याव्या लागतात. आणि दोन 'क' लागोपाठ आल्या तर? तो पूर्ण ६० सेकंद, म्हणजे अख्खी एक गाडी मागे! पट्टा काही थांबत नाही. तो गाडीबरोबर पळत पुढच्याच्या जागेत शिरतो, एखादा बोल्ट अर्धवट राहतो आणि ठपका 'ऑपरेटरची चूक' म्हणून बसतो. पडदा मात्र हिरवाच!

हा शोध काही मी लावलेला नाही. थोमोपौलोस यांनी १९६७ मध्ये मिक्स्ड-मॉडेल बॅलन्सिंग मांडलं आणि १९७० मध्ये दुसरा लेख लिहिला, तो नेमका प्रत्येक स्टेशनवरचं काम मॉडेलागणिक समतोल ठेवण्याबद्दल होता. इतकी जुनी गोष्ट, तरी आपल्या जर्नलमध्ये तिला जागा नाही.

मला ही गोष्ट का टोचते? आमचं गाव तळेघर, भीमाशंकरच्या वाटेवर. बारावी, आयटीआय झालेली आमच्याकडची पोरं घोडेगाव, मंचर, राजगुरुनगर करत चाकणच्या लाइनवर उभी राहतात. या पोरांना बॅलन्सिंग नवीन नाही. जुलैच्या पावसात आवणी चालते तेव्हा कोणी रोपं काढतो, कोणी मुठी वाहतो, कोणी लावतो. रोपं काढणारे मागे पडले की लावणाऱ्यांतले दोघं न सांगता तिकडे सरकतात. हळवं आणि गरवं भात वेगळं लावलं की कापणीही एकदम अंगावर येत नाही. तिथे सरासरी कोणी काढत नाही, पण काम कुठे तुंबलंय ते सगळ्यांना दिसतं. लाइनवर त्याच पोराला जागा सोडून सरकायची मुभा नसते. त्याच्या वतीने ते आधीच बघणं हे प्लॅनिंग करणाऱ्याचं, म्हणजे उद्या आपलं, काम आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक स्टेशन सगळ्यात जड मॉडेलप्रमाणे आखलं तर माणसं वाढतील आणि 'अ'च्या वेळी ती रिकामी बसतील. बरोबर आहे. तसं करा असं माझं म्हणणंच नाही. पण सरासरीबरोबर प्रत्येक स्टेशनचा मॉडेलवार सर्वांत जास्त वेळही तपासा. 'क' नंतर 'क' नको, हा नियम गाड्यांच्या क्रमात लिहा. मागच्या पेंट शॉपमुळे तो क्रम पाळता येणार नसेल तर 'क'चं जादा काम बाजूला सब-असेंब्लीत काढा, किंवा चार-पाच स्टेशनांत मिळून एक मोकळा माणूस द्या. आणि वेळ मोजताना सगळ्यात चपळ ऑपरेटरचा मोजू नका.

सरांना एक विनंती आहे. प्रॅक्टिकलला एक तरी गणित तीन मॉडेल्सचं द्या आणि व्हायवाला एफिशियन्सीच्या जोडीला एक प्रश्न जरूर विचारा: "दोन 'क' लागोपाठ आल्या तर तुझ्या सातव्या स्टेशनवरच्या माणसाचं काय होईल?" त्याचं उत्तर ज्याला देता येईल, त्याच्या हातात सॉफ्टवेअर द्यायला हरकत नाही!