चकाकी आणि कड

बदलीच्या नोकरीत माणसाला काही ना काही नाद जडतोच. कोणी जुनी नाणी जमवितो, कोणी गुलाबाची कलमे लावतो, तर कोणी नव्या गावी सामान उतरते न उतरते तोच तेथील महाराष्ट्र मंडळाच्या नाट्यशाखेचा चिटणीस होऊन बसतो. या नादांत युरोपीय सैन्यांचे बिल्ले आणि पदके जमविण्याच्या नादाची आता भर पडली आहे. जेथे जेथे गोऱ्यांची छावणी होती तेथील जुन्या बाजारांत हा माल अजून मिळतो, आणि आपल्या मंडळींच्या बैठकीच्या खोल्यांत हिरव्या मखमलीवर टाचून काचेआड मांडलेला दिसतो. चहा येईपर्यंत यजमान त्यावर बोट फिरवीत सांगतात, ‘हा क्रिमियातला, हा जर्मनांचा आयर्न क्रॉस, अगदी रणांगणावरून उचललेला.’ कशावरून, असे विचारावे तर उत्तर ठरलेले असते : ‘अहो, वस्तूच बोलते!’

प्रस्तुत लेखकाचा सारा राग या एका वाक्यावर आहे. वस्तू बोलत नाही. बोलतो तो विकणारा, आणि आपण त्याचे बोलणे वस्तूच्या तोंडी घालतो.

ब्रिटिश बिल्ल्यांवरील मुकुटाचेच पाहा. कमानी भरीव गोलाईने वर गेलेल्या असल्या तर तो राजाचा मुकुट, म्हणजे १९०१ ते १९५२ च्या दरम्यानचा बिल्ला. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असल्या तर तो राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीतला, ही खूण नवशिक्यासही ठाऊक असते. खूण खोटी नाही. पण ती अर्धीच आहे. राजा चार्ल्स तिसरा याने २०२२ साली पुन्हा गोल कमानींचा मुकुट स्वीकारला, त्यामुळे आज पाडलेल्या बिल्ल्यावरही तोच मुकुट असू शकतो. शिवाय जुने साचे नष्ट होत नाहीत. मूळ साच्यातून पन्नास वर्षांनी ठोकलेला बिल्ला मुकुटाच्या दृष्टीने निर्दोषच असतो. तो कोणत्याही शिपायाच्या टोपीवर कधी बसलेला नसतो, एवढीच त्यात उणीव! ती शोधायची तर पाठीमागची पट्टी, डाख, पत्र्याची जाडी आणि कडांची धार पाहावी लागते. काचेच्या चौकटीत टाचलेल्या बिल्ल्याची पाठ कोण पाहतो?

बिल्ल्यावरील चिन्हांचीही हीच गत. स्फिंक्स दिसला की आमचे संग्राहक ‘ग्लॉस्टरशायर’ म्हणून मोकळे होतात. २१ मार्च १८०१ रोजी अलेक्झांड्रियाच्या लढाईत या पलटणीचे पूर्वज, म्हणजे अठ्ठाविसावी पायदळ पलटण, पुढून व मागून एकाच वेळी हल्ला आला असता पाठीला पाठ लावून लढले. म्हणून त्या पलटणीला टोपीच्या मागेही एक लहान बिल्ला लावण्याचा मान मिळाला. कथा खरी आहे व सुंदर आहे. परंतु इजिप्तमध्ये लढलेल्या अनेक पलटणींनी तोच स्फिंक्स मिरविला. लिंकनशायरने मिरविला, लँकाशायर फ्युझिलिअर्सनी मिरविला. ‘उबिक्वे’ हे ब्रीदवाक्य तर तोफखाना आणि इंजिनिअर या दोन्ही दलांचे. तेव्हा चिन्ह पाहून पलटण सांगणे म्हणजे कपाळावरील गंध पाहून माणसाचे गाव सांगण्यासारखे आहे. कधी जमते, बहुधा फसते.

आता आयर्न क्रॉस. प्रशियाच्या फ्रीड्रिख विल्हेल्म राजाने १८१३ साली तो नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी काढला, पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ या वर्षी त्याची पुनःस्थापना झाली. वर्ष त्यावरच कोरलेले असल्याने ओळखण्यास सोपा, असे वाटते. मधले लोखंड आणि भोवतालची चांदीची कड पाहून, लोहचुंबक लावून, लोक निश्चिंत होतात. जणू नकला करणाऱ्यास लोखंड मिळतच नाही! पण क्षणभर तो अस्सल धरला तरी पुढे काय? १९१४ चे हे क्रॉस लाखांच्या संख्येने वाटले गेले आणि सर्वसाधारण क्रॉसवर धारकाचे नाव नसते. प्रशियाच्या सैन्याची दप्तरे पॉट्सडाम येथे होती. १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्यांची बहुतांशी राख झाली. बव्हेरियाची दप्तरे म्यूनिकमध्ये वाचली. म्हणून क्रॉसबरोबर प्रदानाचा कागद असेल आणि धारक बव्हेरियन असेल, तर त्याचा माग लागण्याची आशा; एरवी तो एक लोखंडाचा तुकडा आहे, आणि ‘रणांगणावरून उचललेला’ ही कादंबरी आहे.

याच्या अगदी उलट प्रकार ब्रिटिशांचा. वॉटर्लूच्या लढाईसाठी दिलेल्या पदकापासून त्यांनी पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव ठोकण्याची चाल पाडली. दुसऱ्या महायुद्धातील तारे त्यांनी आपल्या सैनिकांना निनावीच दिले, हा अपवाद. पण पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण अशी ओळ असते. ती हजेरीपटाची ओळ आहे, शोभेची नव्हे. ब्रिटिश शिपायांच्या सेवापुस्तिका लंडनमध्ये सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात लागलेल्या आगीत बव्हंशी, सुमारे साठ टक्के, जळून गेल्या. पदकांच्या याद्या मात्र वाचल्या व आज क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात पाहावयास मिळतात. तेव्हा कित्येक शिपायांची ओळख आज दोनच ठिकाणी उरली आहे : त्या यादीत आणि पदकाच्या कडेवर. आणि आमचे रसिक त्या कडेवर दर रविवारी ब्रासो घासतात!

यावर एक भारदस्त आक्षेप येतो. परक्यांच्या, त्यांतही आपल्यावर राज्य केलेल्यांच्या, बिल्ल्यांची एवढी मीमांसा कशाला? स्वतंत्र देशाच्या अधिकाऱ्यास हा छंद शोभतो काय? असे विचारणाऱ्यांची देशभक्ती मला मान्य आहे; त्यांचे वाचन तेवढे अपुरे आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली, आणि कैदेत गेलेल्यांपैकी किती परतले नाहीत याची मोजदाद दुःखद आहे. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा मेसोपोटेमियातील चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले गेले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी फौजेतील अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीखाली संख्या, एवढीच त्यांची नोंद. युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या भेदभावाची जाहीर कबुली दिली.

आता विचार करा. ज्या सरकारने दगडावर नाव कोरण्याचे नाकारले त्याच सरकारच्या टांकसाळीत, त्याच शिपायाचे नाव चांदीच्या कडेवर ठोकले गेले. रोमन लिपीत, कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे, एकाच आडनावाची तीन तीन स्पेलिंगे करून, पण ठोकले. ती चांदीची पदके सुमारे पासष्ट लाख निघाली आणि चांदीच होती म्हणून वितळली. १९८० साली चांदीचा भाव कडाडला तेव्हा जगभर किती मुशीत गेली त्याला गणती नाही. जी उरली ती ‘परक्यांची’ म्हणून टाकून द्यायची की काय?

दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका छावणीच्या गावी, माझ्याहून ज्येष्ठ अशा एका गृहस्थांच्या घरी, मी अशीच चौकट पाहिली. मध्यभागी ते पदक. पुढे पंचम जॉर्ज, मागे घोड्यावरचा नग्न वीर. खाली टंकलिखित चिठ्ठी, ‘ब्रिटिश टॉमीचे पदक’. सराफाकडून वजनावर घेतलेले. बऱ्याच विनवण्या करून मी ते बाहेर काढविले आणि भिंग लावले. कोणा सोनाराने वरचा दांडा काढून, लॉकेटसाठी कडी डाखविताना कड कानशीने साफ केली होती. ओळ दांड्याशेजारून सुरू होते. त्यामुळे क्रमांक गेला. पुढे ‘सिपॉय’ हा हुद्दा होता. मग एक मराठी नाव, घासून घासून पुसट झालेले. मग ११० आणि मराठा.

नाव आहे, पलटण आहे, क्रमांक नाही. एकेका पलटणीत त्या नावाचे दहा शिपाई निघावेत. मृतांच्या नोंदवह्यांत पुष्कळ हिंदी शिपायांच्या बापाचे नाव आणि गाव दिलेले असते. पण त्या ओळीपर्यंत जाण्याची किल्ली म्हणजे तो क्रमांक. हा मनुष्य कुतमध्ये होता की नंतर भरती झाला, परतला की वाळवंटात राहिला, हे आता कोणी सांगू शकणार नाही. गृहस्थ बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, ‘पण चकाकी किती छान आली होती!’

त्यांच्याकडून मी एवढेच मागून घेतले की, संग्रहातील प्रत्येक पदकाची कड आणि प्रत्येक बिल्ल्याची पाठ वहीत जशीच्या तशी उतरवावी, सराफाचे नाव व खरेदीची तारीखही लिहावी, आणि जेथे ठाऊक नसेल तेथे ‘ठाऊक नाही’ असे लिहावे. गेल्या महिन्यात त्यांचे पत्र आले. एकेचाळीस वस्तूंपैकी सत्तावीस वस्तूंपुढे त्यांनी ‘ठाऊक नाही’ असे लिहिले आहे. चौकटीतील ती चिठ्ठी काढली आहे. ब्रासोची डबी अजून घरात आहे, पण ती आता दाराच्या कड्यांसाठी.