लाउंजच्या दारात थबकू नका



कल्याणच्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान गिरणीत होते. धाकटा मुलगा शिकला, संगणकाच्या कंपनीत लागला आणि आता कंपनी त्याला कामासाठी न्यूयॉर्कला पाठवीत आहे. तिकीट बिझनेस क्लासचे आहे. मध्ये दोहा विमानतळावर सहा तास थांबायचे आहे. ताई लिहितात, "तिथे लाउंजमध्ये बसायची सोय आहे म्हणतात. पण पोरगा म्हणतो, मी आपला बाहेर बाकावर बसेन. आत मोठी माणसे असतात, काही चुकले तर हसे होईल. भाऊ, तुम्ही विमानतळावर नोकरी केलीत, तुम्हीच त्याला काय ते सांगा."

ताई, तुमच्या मुलाची ही भीती मला नवी नाही. ती मी स्वतः भोगली आहे.

१९८६ साली मी सहार विमानतळावर सफाई कामगार म्हणून लागलो. रात्रपाळीला लाउंजची फरशी पुसण्याचे काम माझ्याकडे असे. त्या खोलीत मी हजारो वेळा गेलो असेन, पण तिथल्या खुर्चीवर एकदाही टेकलो नाही. मुकादमाची तशी ताकीदच होती. एका पावसाळ्यात विमाने खोळंबली होती, अंगात ताप होता, लाउंजमध्ये चिटपाखरू नव्हते. तरी मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. खुर्ची दोन हातांवर होती.

पुढे निवृत्त झालो. मुलगी इंजिनिअर झाली. तिलाही कंपनीच्या कामासाठी सारखे विमानाने फिरावे लागते. नेहमीच्या उतारूच्या खात्यावर विमान कंपन्या 'मैल' जमा करतात. ते पुरेसे साठले की त्यावर तिकीट मिळते. २०२३ साली तिने अशा मैलांवर माझे तिकीट काढले आणि मला सोबत नेले. दोह्याला उतरलो. लाउंजच्या दाराशी आलो आणि माझे पाय थांबले. मी म्हणालो, "बाळ, तू जा आत. मी इथे बाकावर बसतो."

ती म्हणाली, "बाबा, तिकिटावर नाव तुमचे आहे. माझ्या ओळखीने नाही चाललात तुम्ही."

दारातल्या बाईने बोर्डिंग पास यंत्राला लावला आणि मान लववून आत जायला सांगितले. माझ्या चपलांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

आता आत काय असते ते सांगतो. दोह्याचा हमाद विमानतळ २०१४ साली सुरू झाला. तिथल्या मोठ्या बिझनेस लाउंजचे नाव 'अल मुरजान'. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १० हजार चौरस मीटर, म्हणजे लाखभर चौरस फुटांहून जास्त. आपल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अशा साडेसहाशेंहून अधिक खोल्या त्यात मावतील! बसायला आरामखुर्च्या, मधोमध पाणी खेळवलेले, जेवणाची सोय, अंघोळीच्या खोल्या, पडायला शांत कोपरे. मुंबई ते दोहा साधारण चार तास, पण दोहा ते न्यूयॉर्क चौदा तासांच्या आसपास लागतात. एवढ्या लांबच्या प्रवासात मध्ये अंग धुवायला आणि पाठ टेकायला मिळाले तर माणूस कामाला ताजातवाना पोहोचतो. कंपनी खर्च करते ती यासाठी.

हे फुकट असते, असे मात्र समजू नका. बिझनेसचे तिकीट साध्या तिकिटाच्या कितीतरी पट महाग असते. त्या चहाचे, त्या अंघोळीचे पैसे तिकिटातच भरलेले असतात. तेव्हा आत बसणाऱ्यावर कोणी उपकार करीत नाही.

या लाउंजचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. विमान कंपनीचा पहिला लाउंज अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर काढला. नाव 'ॲडमिरल्स क्लब'. तिथे तिकीट दाखवून जाता येत नसे. कंपनी ज्यांना निमंत्रण देईल त्यांनाच प्रवेश. म्हणजे आत कोण बसणार हे कोणाची मर्जी ठरवीत होती. पुढे या पद्धतीवर भेदभावाचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेले आणि वर्गणी भरील त्याला सभासद करून घेण्याची पद्धत आली. पैशाची अट राहिलीच, ती आजही आहे. पण 'तू कोण, कुठला' हा प्रश्न दारातून गेला. आपल्या लोकांना या दोन दारांमधला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता मुलासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, तिकिटाचा प्रकार आधी कंपनीत विचारून घ्यावा. एमिरेट्स, कतार यांसारख्या कंपन्यांनी बिझनेस क्लासमध्येही स्वस्त तिकिटे काढली, त्यांत लाउंज धरलेला नव्हता. दाराशी जाऊन परत फिरण्यापेक्षा घरूनच खात्री केलेली बरी.

दुसरी, अंघोळ करायची असेल तर आत गेल्यागेल्या तिथल्या माणसाला सांगावे. गर्दी असली तर नंबर लावावा लागतो. टॉवेल, साबण तिथेच मिळतो.

तिसरी, खायला हवे तेवढे घ्यावे, पण थोडे थोडे घ्यावे. पदार्थ ओळखीचा नसेल तर 'यात काय आहे' असे सरळ विचारावे. विचारण्यात कसली लाज? दारूही मिळते. पैसे पडत नाहीत म्हणून तिला हात लावू नये. पुढे चौदा तास विमानात काढायचे आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लाउंजमध्ये आपल्या विमानाची घोषणा होईलच, या भरवशावर राहू नये. माझा डोळा लागला होता. मुलगी अंघोळीला गेलेली. जागा झालो तेव्हा फलकावर आमच्या विमानापुढे 'शेवटची सूचना' असे आलेले! धावत सुटलो. तो विमानतळ एवढा मोठा आहे, की आत उतारूंसाठी आगगाडी चालते. शिवाय अमेरिकेच्या विमानात चढण्याआधी दरवाजाजवळ पुन्हा तपासणी होते. आम्ही कसेबसे पोहोचलो. मुलाने घड्याळात गजर लावावा आणि विमान सुटण्याच्या दीड तास आधी लाउंजमधून निघावे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. जेवण झाल्यावर मी सवयीने बशी उचलली आणि ठेवायला निघालो. टेबल पुसणारा पोरगा धावत आला. हिंदीत म्हणाला, "राहू द्या साहेब, हे माझे काम आहे." तो नेपाळचा होता. मी त्याला म्हटले, "माझेही हेच काम होते, बाबा. वीस वर्षे." त्याला आधी ते खरे वाटेना. मग मी फडका कसा पिळायचा ते हातवारे करून दाखवले, तेव्हा तो खळखळून हसला. म्हणाला, गावी आई आहे, पैसे पाठवतो. कतार सरकारने मार्च २०२१ पासून कामगारांचे किमान वेतन महिना १००० रियाल ठरवले. मालकाने जेवण आणि राहायची सोय दिली नाही, तर त्याचे ३०० आणि ५०० रियाल वेगळे. त्या लाउंजच्या झगमगाटाशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

त्याने मला चहा आणून दिला. मी तो खुर्चीवर बसून प्यायलो. सहारची ती पालथी बादली मात्र डोळ्यांसमोरून हलली नाही.

तेव्हा ताई, मुलाला सांगा, बाहेरच्या बाकावर बसू नकोस. तुझ्या वडिलांनी साच्यावर रात्री जागवल्या, तू अभ्यासाला जागलास, त्यानंतर हे तिकीट आले आहे. ताठ मानेने आत जा. आणि आत टेबल पुसणारा कोणी दिसला, तर त्याच्याकडे पाहून दोन शब्द बोल. त्या खोलीत आपले माणूस कोण, हे तुला शोधत बसावे लागणार नाही.

मुलगा परत आला की पत्र पाठवा. वाट पाहतो.