विश्लेषण : बाइक चांगली, तरी ‘ब्यूएल’ दोनदा का बुडाली?

हिरो मोटोकॉर्प आणि हार्ले-डेव्हिडसन यांची भागीदारी भारतात ‘एक्स ४४०’मुळे सर्वांना माहीत झाली. पण या दोन्ही कंपन्यांनी, वेगवेगळ्या काळात, एकाच अमेरिकी अभियंत्यावर पैसे लावले होते. त्याचे नाव एरिक ब्यूएल.

ब्यूएल यांचे वेगळेपण काय?

हार्लेतील नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. हार्लेची ओळख भारदस्त क्रूझरची. ब्यूएल यांना वळणावर चपळ असणारी स्पोर्ट्स बाइक हवी होती. पुढे त्यांनी इंजिन हार्लेचेच घेतले, पण बाकी मांडणी बदलली. फ्रेमच्या पोकळीत पेट्रोल, इंजिनाखाली सायलेन्सर आणि पुढची ब्रेक डिस्क थेट रिमला.

हार्लेने साथ का सोडली?

हार्लेने १९९३ मध्ये ४९ टक्के हिस्सा घेतला, पुढे संपूर्ण मालकी. त्यामुळे पैसा आणि शोरूम मिळाले. अडचणही तिथेच होती. शोरूममध्ये येणारा ग्राहक क्रूझर घ्यायला येई आणि एअर-कूल्ड इंजिन जपानी स्पोर्ट्स बाइकपुढे कमी पडे. लिक्विड-कूल्ड ‘११२५ आर’ आली, पण पाठोपाठ मंदीही आली. ऑक्टोबर २००९ मध्ये हार्लेने ब्यूएल बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

हिरोचा संबंध कसा आला?

होंडापासून वेगळे झाल्यावर हिरोला स्वतःचे तंत्रज्ञान हवे होते. २०१३ मध्ये तिने ‘एरिक ब्यूएल रेसिंग’ या नव्या कंपनीत २.५ कोटी डॉलरना ४९.२ टक्के हिस्सा घेतला. मात्र एप्रिल २०१५ मध्ये कर्जामुळे तिचेही काम थांबले.

आज हे महत्त्वाचे का?

दोन्ही वेळा कल्पना कमी पडल्या नाहीत. कमी पडले ते विक्रीचे जाळे आणि खेळते भांडवल. मोठा भागीदार हे देऊ शकतो, पण अडचणीच्या काळात तो आधी आपला मूळ धंदा सांभाळतो. भारतातील नव्या इलेक्ट्रिक बाइक कंपन्याही याच वाटेवर आहेत. बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटमध्ये टीव्हीएसचा, तर पुण्याच्या टॉर्कमध्ये भारत फोर्ज समूहाचा पैसा आहे. त्यामुळे अशी बाइक घेताना वेग आणि रेंजइतकाच आणखी एक प्रश्न विचारायला हवा : पाच वर्षांनी सुटे भाग आणि सर्व्हिस कोण देणार?